गडचिरोलीचा 92 टक्क्यांचा पेपर बंद नळीबद्दल काय सांगतो आणि काय नाही

पेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा येतो: पेपर 'क्रिटिकली' वाचायचा म्हणजे नेमकं करायचं काय? चुका शोधायच्या? लेखकांना नावं ठेवायची? नुसती व्याख्या सांगून हे कळत नाही, म्हणून आज एक पेपर घेऊन बसू या. तोही आपल्याच भागातला.

1989 च्या जानेवारीत 'द लॅन्सेट'मध्ये चार पानांचा एक लेख छापून आला. पहिल्या लेखिका डॉ. राणी बंग, मूळच्या चंद्रपूरच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 650 बायकांची तपासणी केली. नुसती विचारपूस नाही, आतून तपासणी आणि प्रयोगशाळेच्या चाचण्या. निष्कर्ष तुम्ही कुठे ना कुठे वाचलाच असेल: 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी किमान एक आजार, आणि दर बाईमागे सरासरी 3.6 आजार. त्यातला निम्मा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा.

माझा विषय मूल न होणाऱ्या जोडप्यांच्या उपचारांची वाटचाल हा आहे, कोरपना तालुका डोळ्यांसमोर ठेवून. या विषयावरचे प्रस्ताव आणि प्रबंध वाचायला घेतले की पहिल्याच प्रकरणात हा पेपर भेटतो, आणि बहुतेक वेळा एकाच वाक्यात: 'ग्रामीण भागात 92 टक्के स्त्रियांना प्रजननसंस्थेचे आजार असल्याने गर्भनलिका बंद होऊन वंध्यत्व येते.' वाचताना वाक्य कसं गुळगुळीत वाटतं बघा. पण त्यात दोन उड्या आहेत. आजारापासून बंद नळीपर्यंत एक, आणि बंद नळीपासून रिकाम्या कुशीपर्यंत दुसरी. मूळ पेपरमध्ये यातली एकही उडी नाही.

आधी नळीचं काम थोडक्यात. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते. बीजकोशातून सुटलेलं बीज ती उचलून घेते, शुक्राणू तिथेच येऊन बीजाला भेटतो आणि गर्भ तिथून सरकत पिशवीत येतो. आतलं अस्तर नाजूक असतं. जंतुसंसर्गाने किंवा क्षयरोगाने ते एकदा चिकटलं की वाट बंद होते. एकच नळी बंद असेल तर दिवस राहू शकतात, दुसरी धड असली पाहिजे. दोन्ही बंद असतील तर मात्र आपोआप राहत नाहीत. आणि अर्धवट खराब झालेली नळी तर सगळ्यांत घातकी. गर्भ तिच्यातच अडकला आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन बाईचा जीव जाऊ शकतो. कोरपन्याहून राजुरा आणि तिथून चंद्रपूर हा रस्ता ज्यांनी रात्री गाडी शोधून काढलाय, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता पेपरकडे. वसा-अमिर्झाच्या अभ्यासात नळ्या पाहिलेल्या नाहीत. नळी मोकळी आहे का हे बघायला पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढावा लागतो, त्याला एचएसजी म्हणतात, किंवा दुर्बिणीतून बघावं लागतं. गावात भरवलेल्या तपासणीत हे होणार नव्हतं, आणि लेखकांनी तसा दावाही केलेला नाही. ओटीपोटातला संसर्ग त्यांना सुमारे चौथा हिस्सा बायकांमध्ये आढळला, पण तो हाताने तपासून. हाताला लागलेली सूज आणि दुखरेपणा हा अंदाज असतो. दुर्बिणीतून पाहिलं तर त्यातल्या काही जणींच्या नळ्या निरोगी निघतात. शिवाय दोन डॉक्टरांचे हात सारखे नसतात, त्यामुळे एका अभ्यासातला हा आकडा दुसऱ्याशी ताडून बघताना जपून.

दुसरी गोष्ट, हा अभ्यास क्रॉस-सेक्शनल आहे. एका वेळी काढलेला फोटो. आज संसर्ग असलेल्या बाईचं पाच वर्षांनी काय झालं, हे फोटोत दिसत नाही. त्यासाठी त्याच बाईच्या मागे वर्षानुवर्षं जावं लागतं. असा अभ्यास आहे, पण तो विदर्भातला नाही, स्वीडनच्या लुंड शहरातला. वेस्ट्रम आणि सहकाऱ्यांनी 1960 ते 1984 या काळात ओटीपोटाच्या संसर्गासाठी दवाखान्यात आलेल्या बायकांची दुर्बिणीतून खात्री केली आणि पुढे त्यांचा पाठपुरावा केला. 1992 मध्ये त्यांनी आकडे दिले: संसर्ग एकदा झाला तर नळीमुळे वंध्यत्व 8 टक्के, दोनदा झाला तर 19.5, तीन किंवा जास्त वेळा झाला तर 40 टक्के.

हे आकडे नीट बघा. एकदा संसर्ग झालेल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जणींच्या नळ्यांनी दगा दिला नाही. म्हणजे 'संसर्ग झाला की नळी बंद' हे वाक्य खुद्द पुराव्यानेच खोटं ठरतं. पण थांबा, लगेच उलट्या बाजूलाही झुकू नका. लुंडच्या बायका दुखायला लागल्यावर दवाखान्यात पोचल्या होत्या आणि त्यांना उपचार मिळाले होते. याच गटावर 1993 मध्ये आलेल्या दुसऱ्या विश्लेषणात, दुखणं सुरू झाल्यापासून तीन किंवा जास्त दिवस उशिरा आलेल्या बायकांना मूल राहण्यातली अडचण किंवा नळीतला गर्भ यांचा धोका सुमारे तिप्पट दिसला.

उशीर तीन दिवसांचा. आता गडचिरोलीच्या पेपरमधला तो आकडा काढा जो फारसं कोणी उद्धृत करत नाही: 650 पैकी फक्त 8 टक्के बायकांची त्याआधी आयुष्यात कधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झाले होते. आणि आणखी एक: 45 टक्के बायकांना काहीही तक्रार नव्हती. आजार जवळपास सगळ्यांना, तक्रार जेमतेम निम्म्यांना. माझ्या मते या पेपरचं खरं मोल 92 मध्ये नाही, या दोन आकड्यांत आहे. 92 हा आकडा आहेही जरा सरमिसळ. त्यात पांढरं जाणं आहे, पाळीच्या तक्रारी आहेत, संसर्ग आहेत, सगळं एका टोपलीत. काही आजार नळीच्या वाटेलाही जात नाहीत, काही थेट तिथेच पोचतात. मूल होण्याच्या प्रश्नासाठी टोपली उपडी करून वेगळं वेगळं निवडावं लागतं. 45 आणि 8 या आकड्यांना मात्र हा आक्षेप लागू होत नाही. नळी बंद करणारा संसर्ग, विशेषतः क्लॅमिडिया किंवा जननमार्गाचा क्षय, बरेचदा काही न दुखवता काम करून जातो. बाईला पहिली खबर लागते ती लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि घरात कुजबुज सुरू झाली की.

म्हणून दवाखान्यात आलेल्या बायकांवरूनच संशोधन केलं तर काय निसटतं, हे या पेपरने 1989 मध्येच दाखवून दिलं. लोकसंख्येतून सॅम्पल का घ्यायचं, हे मुलाखतीत कोणी विचारलं तर हेच उदाहरण द्या.

एक कच्चा दुवाही सांगते. पात्र बायकांपैकी साधारण 60 टक्केच तपासणीला आल्या. बाकीच्या का आल्या नाहीत? ज्यांना त्रास होता त्या जास्त आल्या असतील तर आकडा फुगतो. लाजेने किंवा घरच्यांच्या धाकाने आजारीच मागे राहिल्या असतील तर तो कमी दिसतो. दोन्ही शक्यता लिहायच्या असतात, आपल्याला सोयीची तेवढीच नाही. तरी खेड्यातल्या बायका आतून तपासणीला तयारच होणार नाहीत असं गृहीत धरण्याच्या काळात साठ टक्के येणं ही छोटी गोष्ट नव्हे, हे माझं मत.

आता दुसरी उडी: 'नळी बंद आहे' हा रिपोर्ट. इथे गणित करू, वही घ्या. एचएसजी किती खरं बोलतं, यावर 1995 मध्ये स्वार्ट आणि सहकाऱ्यांचं एक मेटा-अॅनालिसिस आलं. वीस अभ्यास गोळा केले, पण एक्स-रे आणि दुर्बीण यांचे निकाल एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाचलेले असे त्यात तीनच निघाले. (हे वाक्य दोनदा वाचा. वीसातले तीन.) त्यांच्यावरून सेन्सिटिव्हिटी 65 टक्के आणि स्पेसिफिसिटी 83 टक्के आली. समजा 1000 बायकांची एचएसजी झाली आणि त्यातल्या 200 जणींच्या नळ्या खरोखर बंद आहेत. 130 सापडतील, 70 निसटतील. उरलेल्या 800 मोकळ्या नळ्यांच्या बायकांपैकी 136 जणींच्या रिपोर्टवरही 'बंद' येईल. म्हणजे 'बंद' असा कागद हातात पडलेल्या 266 पैकी खऱ्या 130. निम्म्याहून कमी! तेच नागपूरच्या एखाद्या मोठ्या केंद्रात, जिथे निवडून निवडून अवघड केसेस येतात आणि निम्म्या जणींच्या नळ्या बंद असतात असं धरू, तिथे 'बंद' म्हटलेल्या 410 पैकी 325 खऱ्या, म्हणजे सुमारे 79 टक्के. मशीन तेच, रिपोर्टवरचा शब्द तोच, अर्थ वेगळा.

मोकळी नळी बंद का दिसते? औषध सोडताना नळीचं तोंड आकसतं, हे एक नेहमीचं कारण. म्हणून पहिल्या रिपोर्टवर कोणी 'आता काही होणार नाही' असं सांगितलं, तर दुसरी खात्री करून घेण्यात वेडेपणा नाही. पण गावात त्या एका कागदाचं काय होतं? सासू तो जपून ठेवते. 'हिचीच नळी बंद आहे' हे वाक्य एकदा घरात शिरलं की नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा विषयच निघत नाही, आणि दुसऱ्या लग्नाचा निघतो. खरं तर वीर्यतपासणी सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी, आणि आधी व्हायला हवी.

कोरपन्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण 'गडचिरोलीचा पेपर आपल्यालाही लागू' हे गृहीतकसुद्धा तपासायचं असतं. 1982 पर्यंत गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होतं, हे खरं. पण वसा-अमिर्झा धानाच्या पट्ट्यातली गावं. कोरपना कापूस-सोयाबीनचा, गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांचा आणि तेलंगणाच्या सीमेचा तालुका. बाहेरून येणारे कामगार आहेत, ट्रकची वर्दळ आहे, कोलाम आणि गोंड वस्त्या आहेत. संसर्गाचं चित्र इथे तेच असेल असं मानायला आधार नाही, वेगळंच असेल असं मानायलाही नाही. शिवाय मध्ये साडेतीन दशकं गेली. प्रस्तावात 1989 चा आकडा आजची परिस्थिती म्हणून वापरलात तर कमिटीतला पहिला प्रश्न तोच येईल.

भाषेचा एक सापळाही आहे. प्रश्नावलीत 'तुमची नळी बंद आहे का?' असं विचारलंत तर आपल्याकडच्या कितीतरी बायका सहज 'हो' म्हणतील, कारण त्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांची नसबंदी झालेली होती. त्यातल्याच एखादीचं लेकरू पुढे दगावतं आणि तिला पुन्हा आई व्हायचं असतं. तिचीही नळी बंदच आहे, सरकारी शिबिरात केलेली. तुमच्या व्याख्येत ती बसते की नाही, हे फील्डवर जाण्याआधी ठरवा. 'पांढरं जाणं', 'पिशवी धुणं', 'दिवस न राहणं' हे शब्द बायका कशासाठी वापरतात, तेही आधी ऐकून घ्या आणि मग प्रश्न लिहा.

आणखी एक दिसतं. 1986 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. आयव्हीएफचं तंत्र मुळात बंद नळीला वळसा घालण्यासाठीच निघालं. 1978 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईज ब्राऊनच्या आईच्याही नळ्या बंद होत्या. केईएमनंतर तीन वर्षांच्या आत गडचिरोलीचा पेपर आला. एकाच राज्यात एकीकडे नळी टाळून जाण्याची वाट, दुसरीकडे नळी खराब होण्याआधी संसर्ग पकडण्याची मागणी. लेखकांनी शेवटी हेच म्हटलंय की स्त्रीरोगांची सेवा प्राथमिक आरोग्यसेवेत यायला हवी. या दोन टोकांच्या मधली वाट, म्हणजे खात्रीचं निदान, जोडीदाराची तपासणी, क्षयासाठीची चाचणी, ही कोरपन्याच्या बाईला किती हेलपाट्यांत, किती पैशांत आणि कोणाच्या सोबतीने चालावी लागते, यावरचं काम शोधायला बसले तर मला फारच तुटपुंजं सापडलं. पेपर वाचताना मी समासात लिहिते ते हेच: इथे कोण मोजलं गेलं नाही?

सरावासाठी एक काम. या पेपरचा गोषवारा काढा आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यासमोर लिहा: हे पाहिलं, हे मोजलं की हे सुचवलं. त्यात एक वाक्य असं आहे की बायकांच्या गर्भनिरोधक साधनांचा आजारांशी संबंध दिसला, पण त्यातून आजारांचा थोडाच भाग उलगडतो. 'पण'च्या आधीचं अर्धं वाक्य तेवढं उचललं तर काय अनर्थ होईल, ते चार ओळींत लिहून पाठवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.