चिनी भाषकांचे इंग्रजी फ्रेझल व्हर्ब-अध्ययन : एका उपपत्तीची समीक्षा

प्रस्तावना :
इंग्रजी व्याकरण उत्तम अवगत असलेला चिनी विद्यार्थीही साध्या संभाषणात 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन' योजतो. असे वाक्य अशुद्ध नसते, परंतु घरगुती बोलण्यात ते औपचारिक वाटते. लिआओ व फुकुया यांनी २००४ मध्ये 'लँग्वेज लर्निंग' या नियतकालिकातील अभ्यासात या 'टाळण्या'च्या प्रवृत्तीचा शोध घेतला. मध्यम स्तरावरील विद्यार्थी फ्रेझल व्हर्ब अधिक टाळतात, प्रगत स्तरावर हे प्रमाण घटते आणि लाक्षणिक अर्थाची रूपे विशेषत्वाने टाळली जातात, असे त्यांना आढळले. चिनी भाषेत अशी रचना नसणे हे त्यांनी एक कारण मानले. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या कारणापुरता आहे.

विवेचन :
मँडरिनमध्ये क्रियापदाला दिशादर्शक पूरक जोडण्याची समृद्ध पद्धत आहे. 'छीलाय' म्हणजे 'वर येणे'. 'चान्' या क्रियापदाला ते जोडले की 'उठून उभे राहणे', 'शियांग' म्हणजे विचार करणे याला जोडले की 'आठवणे' आणि 'श्याओ' म्हणजे हसणे याला जोडले की 'हसू लागणे' असा अर्थ होतो. दिशेकडून लाक्षणिकतेकडे होणारा हा प्रवास इंग्रजी 'अप'च्या प्रवासाहून फारसा निराळा नाही. 'ना छू ई बन शू लाय' (एक पुस्तक बाहेर काढणे) या प्रयोगात तर कर्म पूरकाच्या मध्ये येते. म्हणजेच रचनेचे विभाजनही चिनी भाषकास अपरिचित नाही.

मग अडचण कोठे आहे? तिचे एक मूळ पाठांतराच्या संस्कारात संभवते. 'छंग्यू' हे बहुधा चार अक्षरचिन्हांचे, स्थिर स्वरूपाचे वाक्प्रचार होत. 'सापाच्या चित्राला पाय जोडणे' हा त्यांपैकी एक प्रसिद्ध वाक्प्रचार कथेसह अखंड पाठ केला जातो. 'एका दगडात दोन पक्षी' या अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारास ही पद्धत मानवते, कारण चिनीत 'एका बाणात दोन गरुड' सिद्धच आहे. फ्रेझल व्हर्ब मात्र वाक्यात हालते. सर्वनाम आल्यास 'पुट इट ऑफ' असेच म्हणावे लागते. वाक्प्रचार व फ्रेझल व्हर्ब एकाच यादीत कोंबणारी पाठ्यपुस्तके हा भेदच झाकून टाकतात.

समारोप :
या साम्याला मर्यादा आहेत. 'पुट ऑफ'साठी चिनीत 'थुईछ' हे दिशापूरकाविना येणारे क्रियापद असल्याने विद्यार्थ्यास 'पोस्टपोन' जवळचे वाटणे स्वाभाविक आहे. मातृभाषेचा आधार रचनेपुरता मिळतो, प्रत्येक अर्थ मात्र संदर्भातूनच आत्मसात करावा लागतो. तथापि मातृभाषेत जे आहे तेच 'नाही' असे गृहीत धरणारे अध्यापन विद्यार्थ्याच्या हातातील किल्ली काढून घेते.