रक्तवाढीचा तक्ता : सांगतो काय, गाळतो काय

शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर 'रक्तवाढीसाठी आहार' असा एक तक्ता बहुधा असतोच. पालकाची जुडी, लालभडक बीट, डाळिंब, गूळ, खजूर आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली गरोदर बाई. हाच तक्ता किनवट तालुक्यातील एखाद्या आश्रमशाळेत लावला, तर तो तिथल्या मुलींना काय शिकवील, हे आम्ही तपासून पाहिले. तक्त्याचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण चार बाबतींत तो कमी पडतो.

पहिली बाब रंगाची. बीट लाल आणि रक्तही लाल, म्हणून बीटाने रक्त वाढते, हा तर्क विज्ञानाचा नव्हे. बीटाचा रंग बीटानिन या रंगद्रव्यामुळे येतो. त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही. उलट मांस व मासे यांतील लोह शरीरात सर्वांत सहज शोषले जाते. किनवट भागातील कितीतरी घरांत ते खाल्लेही जातात, पण तक्त्यात त्यांना जागा नाही. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी हे तिथले रोजचे जेवणही तक्त्यात नाही. आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली तर कढईचे थोडे लोह तीत उतरते. जेवणात लिंबू पिळले तर लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. या गोष्टींना जादा पैसा लागत नाही, तरी तक्ता त्या सांगत नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. तक्त्यात पदार्थ आहेत, पण हिशेब नाही. तो आपण वर्गात फळ्यावर मांडू शकतो. एका गरोदरपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. बाळ व वार यांसाठी सुमारे ३००, आईच्या वाढलेल्या तांबड्या पेशींसाठी सुमारे ४५० आणि उरलेले शरीराच्या नेहमीच्या झिजेसाठी. यातली बरीचशी गरज उत्तरार्धात येते. तेव्हा रोज पाच-सहा मिलिग्रॅम लोह रक्तात जावे लागते. रोजच्या जेवणात १५ मिलिग्रॅम लोह धरले आणि धान्यप्रधान आहारातून शेकडा ८ शोषले गेले असे मानले, तर हाती येतात १.२ मिलिग्रॅम. गरोदरपणात शोषण वाढते. ते दुप्पट धरले तरी अडीचच्या आतच. म्हणजे पालक कितीही खाल्ला तरी हा हिशेब जुळत नाही. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्यातले शेकडा १० शोषले गेले तरी ६ मिलिग्रॅम मिळतात. गोळी का, याचे उत्तर या त्रैराशिकात आहे. गोळीने शौचाला काळे होते ते न शोषलेल्या लोहामुळे; त्याला घाबरून गोळी सोडू नये. मात्र कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये.

तिसरी बाब अशी, की तक्त्यातली बाई आधीच गरोदर आहे. खरे तर लोहाची कहाणी आठवी-नववीच्या वर्गातच सुरू होते. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेले तर महिन्याला २० मिलिग्रॅम लोह जाते, आणि मुलीचे वय तर वाढीचे. म्हणूनच १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी द्यायची योजना आहे. ही शिल्लक मुळातच नसेल, तर गरोदरपणातील १८० गोळ्यांना रिकाम्या कोठारापासून सुरुवात करावी लागते. बाळंतपणानंतरही १८० दिवस गोळ्या घ्यायच्या असतात; तक्ता याबाबत गप्प आहे. शिवाय रक्तक्षय असलेल्या बाईला बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. दूरच्या तांड्यावरून किंवा गुड्यावरून दवाखाना गाठेपर्यंत तिच्या जिवावर बेतू शकते.

चौथी बाब : प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावानेच होतो असे नाही. ल्यूसी विल्स यांनी मुंबईत गिरणीकामगार गरोदर स्त्रियांच्या एका प्रकारच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या शोधातूनच पुढे फॉलिक आम्ल हाती आले. आजच्या गोळीत लोहाबरोबर तेही असते. आदिवासी पट्ट्यात तर सिकलसेलचाही विचार करावा लागतो. त्यात तांबड्या पेशीच लवकर फुटतात. निव्वळ लोह देऊन तो आजार जात नाही. तिथे आधी रक्ततपासणी आणि मग डॉक्टरांचा सल्ला हाच मार्ग. जंतांनी रक्त कमी होते, ते वेगळेच.

देशातील १५ ते ४९ वयोगटातील शेकडा ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवले आहे. नुसत्या चित्रांनी हा आकडा हलणार नाही. तक्ता भिंतीवर राहू द्यावा, पण त्याच्या शेजारी वरील हिशेब मुलींकडून लिहून घ्यावा. त्यांनी तो घरी आईला समजावून सांगितला, तर तक्त्याचे खरे काम झाले असे आम्ही मानू.