ड्रॅगनची कादंबरी आणि व्याकरणातली एक चूक

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीनं विचारलं होतं, "सर, मी ड्रॅगन, जादू, राजसिंहासन असलेली मोठी कादंबरी लिहिली आहे. प्रकाशक मिळत नाही. स्वतःच छापू का?" तेव्हा वेळ संपली होती. आज उत्तर देतो, पण एका पुस्तकाची समीक्षा करत.

पुस्तक ‘एरागॉन’, लेखक ख्रिस्तोफर पाओलिनी. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात घरीच शिकलेला मुलगा. पंधराव्या वर्षी लिहायला बसला. एक वर्ष पहिला खर्डा, दुसरं वर्ष पुनर्लेखन. मग आईवडिलांनी संपादनात लक्ष घातलं आणि २००२ साली घरच्यांनीच पुस्तक छापलं. आतला नकाशा त्यानं काढलेला, मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळाही त्याचाच. पुढे मध्ययुगीन पोशाख चढवून शाळांत, ग्रंथालयांत, दुकानांत शंभराहून अधिक भाषणं. कादंबरीकार कार्ल हायसन यांच्या सावत्र मुलाला पुस्तक आवडलं, हायसननी ते क्नॉफ या प्रकाशनसंस्थेच्या कानावर घातलं, आणि २००३ मध्ये नवी आवृत्ती आली. हकिगत छान आहे. पण ती योगायोगाची आहे. तिच्यातून नियम निघत नाही.

आता पुस्तकाकडे या. शेतावर वाढलेला पोरका मुलगा, म्हातारा गुरू, दुष्ट राजा, एल्फ, बुटके. टीकाकार म्हणाले, हे सगळं उसनं आहे. आहेच! पण टोल्किननंही आपल्या बुटक्यांची नावं जुन्या नॉर्स काव्यातून उचलली होती. आपल्याकडे भासानं महाभारतातून घेतलं म्हणून त्याला कोणी चोर म्हणत नाही. आनंदवर्धनाचं म्हणणंच असं की जुनाच विषय रसाच्या स्पर्शानं नवा होतो. तेव्हा उसनं घेतलं हा आक्षेप टिकत नाही. घेतलेल्याला स्वतःचं काय दिलं, एवढंच विचारायचं.

पाओलिनीनं दिलंय ते एका प्रसंगात. त्याच्या जगात एक प्राचीन भाषा आहे. तिच्यात खोटं बोलता येत नाही, आणि जादूही तिच्यातूनच होते. नायक त्या भाषेत एका तान्ह्या पोरक्या मुलीला आशीर्वाद देतो. त्याला म्हणायचं असतं, संकटापासून तुझं रक्षण होवो. पण शब्दाचं रूप चुकतं आणि तो म्हणून बसतो, तू संकटापासून रक्षण करणारी ढाल हो. ही चूक २००५च्या ‘एल्डेस्ट’ या दुसऱ्या भागात उघड होते. जिचं रक्षण व्हायचं, ती मुलगी आता इतरांचं प्रत्येक दुःख अंगावर झेलते. हेतू शुद्ध होता. त्यानं तिच्या वेदना कमी होत नाहीत.

माझ्या मते संपूर्ण मालिकेतली ही सर्वांत अस्सल कल्पना आहे. पहिल्या भागातली जड वर्णनं, ठरीव लढाया मी हिच्यासाठी माफ करतो.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. छापलेला शब्द त्या आशीर्वादासारखा असतो. वाचकाला तुमचा हेतू दिसत नाही, वाक्य दिसतं. प्रकाशकाचा नकार अपमानास्पद वाटतो, कधी तो अन्यायही असतो. पण त्या वाटेवर निदान कोणीतरी "थांबा, हे चुकलंय" म्हणायला असतं. स्वतः छापताना तो माणूस नसतो. तो आपणच शोधून आणावा लागतो.

माझंच सांगतो. माझा प्रबंध मी पदरमोड करून छापला. बऱ्याच वर्षांनी उघडला, तर एका महत्त्वाच्या वाक्यातला ‘नाही’ गळालेला. ज्या मताचं आयुष्यभर खंडन केलं, त्याचं मी त्या पानावर मंडन करून बसलोय! (हशा) हसा, पण ते पान आजही ग्रंथालयात आहे.

तेव्हा मुली, छाप. अवश्य छाप. ड्रॅगन जुना असला तरी चालेल. फक्त आधी अशा एकाला वाचायला दे, जो तुझ्यावर प्रेम करतो म्हणून गप्प बसणार नाही. पाओलिनीला दुसरी आवृत्ती मिळाली. बहुतेकांना ती मिळत नाही.

चला, आता प्रश्न घेऊ.