सभागृहाबाहेर राहिलेले निवेदन

दलित साहित्याची समीक्षा आजवर प्रामुख्याने कविता आणि आत्मकथने यांच्याभोवती फिरत राहिली. नकार, वेदना, विद्रोह हे शब्द आपण इतके वापरले की ते आता कोणत्याही पुस्तकाला लावता येतात. परंतु ज्या गद्याने या विद्रोहाला बुद्धिवादी बैठक दिली, त्या गद्याकडे साहित्य म्हणून पाहण्याचे आपण टाळले. बाबासाहेबांची भाषणे आपण पुराव्यासाठी उघडतो, अवतरणे काढतो आणि मिटून ठेवतो. त्यांची वाक्ये कशी उभी राहतात, युक्तिवाद कोणत्या क्रमाने पुढे सरकतो, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. १० ऑक्टोबर १९५१ चे त्यांचे राजीनाम्याचे निवेदन हे याचे सर्वात ठळक उदाहरण होय.

या निवेदनाचे महत्त्व समजायचे तर तीन वर्षे मागे जावे लागेल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धती आणि ब्रिटनची संसदीय पद्धती यांची तुलना केली. कार्यकारी सत्ता स्थिर असावी आणि जबाबदारही असावी. पण दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अद्याप कोणाला सापडलेली नाही, आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक पसंती दिली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. संसदीय पद्धतीत सरकारची तपासणी दोन प्रकारे होते. मतदार ती निवडणुकीत करतात. सभासद ती रोज करतात. या रोजच्या तपासणीची साधने त्यांनी सांगितली : प्रश्न, ठराव, अविश्वासाचा ठराव, तहकुबी सूचना, अभिभाषणावरील चर्चा. या यादीत प्रश्न पहिला आहे, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या क्रमाला फार मोठा अर्थ आहे. गावगाड्याने अस्पृश्याला गाऱ्हाणे मांडण्याची मुभा दिली होती. जोहार घालावा, मायबाप म्हणावे आणि पदर पसरावा. बंदी होती ती जाब विचारण्याची. गाऱ्हाणे ऐकणारा मेहेरबानी करतो. ज्याला प्रश्न विचारला जातो, तो उत्तराला बांधला जातो. संविधानाने गाऱ्हाणे मांडणाऱ्याला प्रश्न विचारणारा केले. ही क्रांती आपण मतदानाच्या हक्काइतकी मोलाची मानली आहे काय?

आता १९५१ कडे येऊ. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी पंडित नेहरूंकडे मंत्रिपदाचा राजीनामा पाठवला. १० ऑक्टोबरला हंगामी संसदेत ते निवेदन करणार होते. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी निवेदनाची प्रत आधी मागितली आणि वेळ सायंकाळी सहाची दिली. आधी प्रत मागणे ही पूर्वतपासणी आहे, असा आक्षेप घेऊन बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. सभासदांनी रोज सरकारची झडती घ्यावी अशी व्यवस्था ज्याने मांडली, त्याच्याच शब्दांची आधी झडती घेण्यात आली. त्या दिवशी संसदेने जे ऐकले नाही, ते देशाने वाचले.

जयंतीच्या मंडपात हा प्रसंग 'हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद लाथाडले' एवढ्या एका वाक्यात सांगितला जातो. वाक्य खोटे नाही, पण त्याने निवेदनाचा चारपंचमांश भाग गाळला जातो. निवेदनात पाच कारणे आहेत. पहिले, नियोजन खाते देण्याचे आश्वासन पाळले गेले नाही आणि मंत्रिमंडळाच्या समित्यांपासून त्यांना दूर ठेवले गेले. दुसरे, अनुसूचित जाती व मागासवर्ग यांची उपेक्षा. संविधान अंमलात येऊन वर्ष उलटून गेले तरी मागासवर्गीयांसाठी आयोग नेमलेला नव्हता. तिसरे परराष्ट्र धोरण, चौथे मंत्रिमंडळातील निर्णयपद्धती आणि शेवटी हिंदू कोड बिल. सरकारप्रमुखाच्या कारभाराची एवढी सर्वांगीण तपासणी सरकारातून बाहेर पडलेल्या माणसाने क्वचितच केली असेल.

गद्य म्हणून पाहिले तर या निवेदनाची शक्ती संयमात आहे. वैयक्तिक अपमानाची जागा येते तेव्हा बाबासाहेब विनोदाचा आश्रय घेतात : कायदा खाते म्हणजे म्हाताऱ्या वकिलांना खेळायला दिलेले साबणाचे रिकामे खोके. एका उपमेत तक्रार संपते आणि तिच्यात रडगाणे उरत नाही. परराष्ट्र धोरणाकडे वळताच ते आकडे ठेवतात : ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले १८० कोटी सैन्यावर खर्च होतात, मित्र उरले नाहीत म्हणून हा भार. विशेषणे मोजकी, आधी वस्तुस्थिती, मग दिलेला शब्द, मग प्रश्न, अशी ही रचना आहे.

याच रचनेतील एक जागा आज मुद्दाम मोडून दाखवली जाते. पंतप्रधानांचे सारे लक्ष मुसलमानांच्या संरक्षणाकडे आहे, हे बाबासाहेबांचे विधान उचलून त्यांना मुस्लिमद्वेष्टे ठरवणारी मंडळी पुढचे वाचत नाहीत. मुसलमानांना जेथे गरज असेल तेथे पूर्ण संरक्षण द्यायला आपली तयारी आहे, असे ते लगेच म्हणतात, आणि मग विचारतात की संरक्षणाची गरज फक्त त्यांनाच आहे काय? प्रश्नाचा रोख मुसलमानांवर नाही, उपेक्षा करणाऱ्या सत्तेवर आहे. प्रश्न कापून विधान तेवढे ठेवले की विचार उलटा होतो. नीट न वाचण्याची किंमत ती ही.

विचारलेला प्रश्न वाया जात नाही, मात्र तो पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. मागासवर्ग आयोग काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली १९५३ साली नेमला गेला. हिंदू कोड बिलाचे तुकडे १९५५-५६ साली कायदे झाले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाचा मोर्चा संसदेवर गेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद देण्यात आली. दादासाहेब गायकवाड तेव्हा राज्यसभेत होते. म्हणजे प्रश्न सभागृहातही होता आणि रस्त्यावरही. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र आणि बौद्धांना सवलती या त्यातल्या दोन मागण्या १९९० साली मान्य झाल्या. उत्तराला २६ वर्षे लागली.

आजचे चित्र काय आहे? ब्रिटनमध्ये पंतप्रधानाला दर बुधवारी अर्धा तास सभासदांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. आपल्याकडे तशी स्वतंत्र वेळ नाही. लोकसभेत प्रश्नोत्तराच्या तासासाठी रोज २० तारांकित प्रश्न लागतात, त्यातले थोडेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोरोनाचे कारण देऊन तो तासही रद्द झाला. टाळेबंदीत मेलेल्या स्थलांतरित मजुरांच्या संख्येबद्दल लेखी विचारणा झाली, तेव्हा अशी माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर आले.

वर्तकनगरला याचे काय, असे कोणी म्हणेल. मे २०१९ मध्ये येथून फार दूर नसलेल्या ढोकाळीत एका गृहसंकुलाची सांडपाण्याची टाकी साफ करताना ३ कामगार मेले. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत प्रश्न आला तेव्हा सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी उत्तर दिले, की हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात आणि टाकीत गुदमरून झालेले मृत्यू 'धोकादायक सफाई' या वेगळ्या रकान्यात जातात. म्हणजे माणूस मेला तो व्याख्येबाहेर मेला! आणि हे उत्तर वाचणारा आवाज चळवळीतून सत्तेत गेलेला होता, ही गोष्ट आपल्याला अधिक बोचली पाहिजे.

अशा उत्तराला केवळ संतापाची कविता पुरी पडत नाही. व्याख्या कोणी केली, रकाना कोणी पाडला, आधी काय शब्द दिला होता, हे क्रमाने विचारणारे गद्य लागते. त्याचा नमुना आपल्याजवळ आहे. शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेत तो छापलेला आहे. अभ्यासवर्गांनी आणि महाविद्यालयीन मंडळांनी हे निवेदन परिच्छेदागणिक वाचावे, मराठीत त्यावर लिहावे, आणि आपल्या मतदारसंघाच्या, विशेषतः राखीव मतदारसंघांच्या सभासदाने गेल्या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले याचा हिशेब मागावा. सभागृहात बसून गप्प राहणाऱ्या आपल्या प्रतिनिधीला जाब विचारल्याशिवाय पंतप्रधानाला जाब विचारला जाणार नाही.

— वर्तकनगर, ठाणे