रो नदीतले इंजिन

चित्रपट कुठे चित्रित झाला, पडलेला पूल खरा होता की नकली, असल्या माहितीला आपल्या समीक्षेत फारसा मान नाही. ती रविवारच्या पुरवणीतल्या चौकटीत शोभते, असा एक समज आहे. मीही बरीच वर्षे तसेच मानत होतो. बस्टर कीटनच्या ‘द जनरल’ने माझा हा समज मोडला, आणि तो मोडण्यात माझ्या वडिलांचा हात होता.

वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. मूकपटांशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी आणलेल्या सीडीवर ते हा चित्रपट अर्ध्या लक्षाने पाहत होते. त्यात एक दृश्य आहे. सैन्यात भरती नाकारली गेलेला आणि प्रेयसीनेही झिडकारलेला इंजिनचालक जॉनी ग्रे खिन्न होऊन इंजिनाची चाके जोडणाऱ्या दांड्यावर जाऊन बसतो. इंजिन हळूच सुरू होते, दांडा वरखाली होऊ लागतो, आणि आपण हलतो आहोत याचे जॉनीला भानच नसते. मी हसलो. वडील मात्र पुढे सरकून बसले. “अरे, रेग्युलेटर जरा जास्त उघडला असता तर चाकं स्लिप झाली असती. हा माणूस गेलाच असता.”

मी हसत होतो ते भोळेपणाला. त्यांना दिसत होता तो धोका, आणि तो पत्करणाऱ्या माणसाचा संयम. त्या दिवसापासून मी या चित्रपटाची माहिती जमवू लागलो.

कथेचे मूळ खरे आहे. 12 एप्रिल 1862 रोजी, अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात, जेम्स अँड्र्यूज आणि त्याच्या साथीदारांनी जॉर्जियातल्या बिग शँटी स्थानकातून ‘जनरल’ नावाचे इंजिन पळवले. रूळ उखडत, तारा तोडत उत्तरेला जायचे, असा बेत होता. गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर आधी पायी, मग ढकलगाडीवर आणि शेवटी इंजिनांवरून त्यांच्या मागे लागला. शेवटचे इंजिन ‘टेक्सस’ तर त्याने उलटे चालवत नेले. अँड्र्यूजसह आठ जणांना फाशी झाली. वाचलेल्यांपैकी विल्यम पिटेंजर याच्या आठवणींवर कीटनने चित्रपट उभारला.

चित्रीकरणासाठी त्याने निवडले ते मात्र दूर वायव्येचे ऑरेगन राज्य. तिथल्या कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ लाकूड वाहतुकीचा रेल्वेमार्ग होता, भोवती दाट जंगल होते. 1926 च्या उन्हाळ्यात तिथे जुनी इंजिने यादवी युद्धाच्या काळातली वाटतील अशी सजवली गेली. इंजिनाच्या ठिणग्यांनी वणवे लागले, धुरामुळे काम थांबवावे लागले. 23 जुलैला रो नदीवर खास बांधलेल्या लाकडी पुलाला आग लावून एक खरे इंजिन त्यावरून सोडण्यात आले. पूल मोडला, इंजिन नदीत कोसळले. या एका दृश्याचा खर्च सुमारे 42,000 डॉलर सांगितला जातो. ते दुसऱ्यांदा घेणे शक्यच नव्हते.

पण तेवढ्याने ही विनोदाची जागा होत नाही. जळता पूल गाडी पेलेल, असा निर्वाळा देऊन सेनाधिकाऱ्याने हुकूम सोडलेला असतो. इंजिन कोसळल्यावर कीटन त्याचा थिजलेला चेहरा दाखवतो. आपण हसतो ते त्या चेहऱ्याला. तिथे खेळण्यातले इंजिन पडले असते, तर चेहऱ्यावरचा धक्का निव्वळ अभिनय वाटला असता. खरे वजन पडले, म्हणून हुकमाचा पोकळपणा उघडा पडला. स्लीपरच्या दृश्यातही हेच आहे. काउकॅचरवर बसलेला जॉनी हातातला स्लीपर रुळावर आडव्या पडलेल्या स्लीपरच्या टोकावर टाकतो आणि दोन्ही बाजूला उडवतो. नेम चुकला तर काय होईल ते आपल्याला दिसत असते. कीटनचा विनोद वस्तूंच्या वजनावर उभा आहे. म्हणून स्थळाची चौकशी ही इथे चौकटीतली गंमत राहत नाही, ती समीक्षेचा भाग होते.

मात्र हीच चौकशी आणखी पुढे नेली की एक अडचण समोर येते. इंजिन पळवणारे उत्तरेचे होते. कीटनने नायक केला तो दक्षिणेचा चालक. हरलेल्या पक्षाला खलनायक केलेले प्रेक्षकांना रुचणार नाही, असे त्याचे मत होते. 1860 च्या जनगणनेनुसार जॉर्जियाच्या लोकसंख्येत जवळजवळ 44 टक्के माणसे गुलाम होती. ज्या गुलामगिरीपायी हे युद्ध पेटले, तिचा विषय चित्रपट काढतच नाही. पडद्यावरच्या दोन्ही सैन्यांत ऑरेगनच्या नॅशनल गार्डचे तेच सुमारे 500 जवान होते. कोट बदलून ते बाजू बदलत. ही सोय होती, पण मला ती चित्रपटाच्या दृष्टीचेही वर्णन वाटते. इथे दोन पक्षांतला फरक कोटाच्या रंगाएवढाच उरतो. स्लीपरच्या वजनाबाबत इतका काटेकोर असलेला कलावंत इतिहासाच्या वजनाबाबत सैल राहिला. मला हा चित्रपट अतिशय प्रिय आहे, तरीही हे नोंदवणे भाग आहे.

1927 मध्ये चित्रपट अमेरिकेत झळकला तेव्हा समीक्षक थंड होते, गल्लाही जमला नाही. 1928 मध्ये कीटन एमजीएमच्या नोकरीत गेला आणि त्याचे स्वातंत्र्य संपत गेले. 1989 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीसाठी पहिले 25 चित्रपट निवडले गेले, त्यांत ‘द जनरल’ होता. कीटन त्याआधी 23 वर्षांपूर्वीच गेला होता.

चित्रपट संपल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता, “ते इंजिन नदीतून काढलं का रे नंतर?” मला उत्तर ठाऊक नव्हते. ते मिळाले तेव्हा वडील नव्हते. इंजिन बरीच वर्षे रो नदीत पडून होते. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची गरज भासली तेव्हा ते भंगारात गेले. पुढे तो रेल्वेमार्गही उखडला गेला. आज त्या वाटेवरून लोक चालतात, सायकली चालवतात.

नकली युद्धासाठी नदीत पडलेले इंजिन अखेर खऱ्या युद्धाच्या कामी आले. वडिलांना मी एवढेच सांगितले असते, “काढलं, पण चालवायला नाही.”