पोवाडा ऐकायचा कसा?

मुस्लिम मराठी साहित्याचा विषय निघाला की आपण एक यादी म्हणून दाखवतो. शेख महंमद, सगनभाऊ, अमर शेख. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, त्यालाही तीन दशके उलटून गेली. यादी तशीच आहे. ती खोटी नाही. पण कोर्टात साक्षीदार उभे करावेत तशी आपण ही नावे पुढे करतो. त्यांनी लिहिले काय आणि कसे, तिकडे फारसे वळत नाही. इथे पोवाड्यापुरतेच बोलतो.

पोवाडा ही ऐकण्याची चीज आहे. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे छापून काढले, त्यामुळे ते वाचले. पण छापताना निम्मा पोवाडा बाहेरच राहिला. डफ राहिला, तुणतुणे राहिले, मागे उभे असलेले झीलकरी राहिले. पाठ्यपुस्तकात 'जी जी' छापलेले दिसते तेव्हा मुले हसतात. कव्वालीत मागचे साथीदार मुख्य कव्वालाची ओळ उचलून धरतात ती कशासाठी, हे विचारले की लगेच समजतात. गाणाऱ्याला दम घ्यायला सवड मिळते, पुढची ओळ आठवते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात आधीची ओळ मुरते. ध्रुपद पुन्हा पुन्हा येते तेही याचसाठी. किल्ल्यांची नावे, सरदारांची नावे, घोडेस्वारांचे आकडे अशा लांबच लांब याद्या वाचताना कंटाळा येतो, पण डफावर त्या धावतात, आणि समोर बसलेल्याला आपल्या गावाचे, आपल्या घराण्याचे नाव कानावर पडण्याची आशा असते. चौक बदलला की प्रसंग बदलला. यमक कच्चे असले तरी चालते, ताल तुटला की चालत नाही.

परीक्षेत आपण विचारतो, अलंकार ओळखा. विद्यार्थी 'अतिशयोक्ती' लिहितो, एक गुण घेतो आणि मोकळा होतो. अतिशयोक्ती कुणाची आणि कशासाठी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्या मुलांसाठी तोच खरा प्रश्न आहे.

उपलब्ध ऐतिहासिक पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो तो अगीनदासाचा, अफझलखानाच्या वधाचा. प्रसंग १६५९ चा. हा विषय वर्गात निघाला की मुस्लिम मुलाच्या मानेत एक ताठरपणा येतो. कुणी काही बोललेले नसते, तरी जणू त्याच्यावरच खटला भरला आहे. घरी कुणी सांगितलेले असते, गप्प बस. मला वाटते, गप्प न बसता तो पोवाडा नीट ऐकावा. शाहीर खानाला लहान करत नाही. त्याची फौज, त्याचा दबदबा, त्याची वाट चालणे तो फुगवून सांगतो, कारण समोरचा जितका मोठा, तितका आपला नायक मोठा. शत्रूची अतिशयोक्ती ही नायकाची मापपट्टी आहे. देऊळ फोडल्याचा उल्लेख त्यात आहे. तो लपवण्याचे कारण नाही. पण भेटीच्या क्षणी दोघांची जी चकमक उडते, तिथे टोमणे कुळाचे आणि धंद्याचे आहेत. आणि त्या टोमण्यांची भाषा कोणती? दख्खनी वळणाची. खान त्याच बोलीत बोलतो, आणि महाराजांचे उत्तरही शाहिराने त्याच बोलीत दिले आहे! आमच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उर्दू माध्यमाच्या मुलाला या पोवाड्यातल्या मराठीसाठी टिपा लागतात. या चार ओळींना लागत नाहीत.

हे कसब एकाच बाजूचे होते असेही नाही. विजापूरच्या दरबारात नुसरतीने १६६५ मध्ये 'अलीनामा' लिहिला. दुसऱ्या अली आदिलशाहाच्या मोहिमांची ती दख्खनीतली रज्मिया मसनवी. तिथे शिवाजी महाराज शत्रुपक्षात आहेत आणि नुसरती त्यांच्याविषयी कडवट बोलतो. पगारी दरबारी कवीकडून दुसरी अपेक्षा ठेवू नये. पण फौजांची गर्दी, शस्त्रांची नावे, वाढवून सांगितलेले रण, ही सामग्री दोन्हीकडे सारखी. एकाच दख्खनच्या दोन बाजूंना बसलेले दोन कवी. दोन्ही रचना शेजारी ठेवून शिकवणारा वर्ग मला अजून कुठे दिसलेला नाही.

मर्सिया ठाऊक असलेल्या वाचकाला आणखी एक दार उघडे आहे. अनीस-दबीरच्या मर्सियात वीर रणात उतरतो, आपले कुळ सांगतो, समोरच्याला आव्हान देतो. त्या भागाला रजज म्हणतात. पोवाड्यातली भेटीपूर्वीची बोलाचाली म्हणजे रजजच. फरक शेवटात. मर्सिया विलापाकडे, बैनकडे जातो. पोवाडा शाहिराच्या नाममुद्रेकडे, आणि बऱ्याचदा बक्षिसाच्या आशेकडे.

नेहमीच मात्र तसे नाही. पोवाडा म्हणजे विजयाचा डंका, हा समज शाळेने पसरवला. पानिपतावर पोवाडे आहेत, नारायणराव पेशव्याच्या खुनावर आहेत. आणि सगनभाऊचा खडकीच्या लढाईवरचा पोवाडा आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ची ती लढाई; पेशवाई त्यानंतर टिकली नाही. सगनभाऊ मुसलमान, धंदा शिकलगाराचा, हत्यारांना धार लावण्याचा. नाव झाले ते लावण्यांमुळे, होनाजीशी त्याची स्पर्धा गाजली. अशा माणसाने पुण्याचे राज्य बुडताना पोवाडा रचला. 'मुसलमान असूनही मराठी राज्यासाठी हळहळला' असे त्याचे कौतुक होते. त्यातले 'असूनही' मला खटकते. ज्या शहरात तो राहिला, ज्यांच्या तलवारी त्याने घासल्या, त्यांची हार त्याची नव्हती तर कुणाची होती?

अमर शेख यांच्याबाबतीत आपले प्रेम जास्त आणि वाचन कमी. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाड्याचा नायक तिथे बदलला: सरदाराच्या जागी गिरणी कामगार, शेतमजूर, जमाव. नायक एकटा न राहिल्याने झीलही बदलली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत मागे दोघे-चौघे नव्हे, समोरचे सगळे मैदानच झील धरी. वाढवून सांगितलेली फौज आता शत्रूची नव्हती, आपलीच होती. जुन्या अलंकाराचा असा उपयोग, माझ्या मते, ही त्यांची खरी कमाई.

'कलश' (१९५८) हातात घेऊन वाचावे तर काही रचना सैल वाटतात, हे मान्य केले पाहिजे. घोषणा आणि ओळ यांतले अंतर कुठेकुठे पुसले जाते. तो आवाज मागे असता तर हे जाणवले नसते, असे म्हणून सुटका करून घेता येते, आणि काही ठिकाणी ते खरेही आहे. सर्व ठिकाणी नाही. अमर शेखांवर अशी ओळीओळीने टीका आपल्याच अंकांतून व्हायला हवी. जयंतीचे लेख पुष्कळ झाले.