जात चोरणाऱ्याचं स्वप्न

पांढरपेशा मराठी कादंबरीतला स्वप्नाळू नायक बाईवर मरतो. बाई मिळाली नाही की झुरतो, अन् वाचक रुमाल काढतो. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती!' (१९६३) या कथेतला 'मी' त्या जातकुळीचा नाय. त्याचं प्रेम या देशावर जडलंय.

रेल्वेच्या नोकरीसाठी तो सुरतेजवळच्या उधन्याला येतो. परक्या गावात माणूस आधी पाणी बघतो, खानावळ बघतो, खोली बघतो. ह्याला दिसतो नवा भारत! रणछोड जात विचारतो, तर हा जातीऐवजी देशावर भाषण देतो. शब्द जड होत जातात. काहींना हा बागुलांचा दोष वाटतो, मला नाही वाटत. हा पोरगा छापील भाषेतच बोलणार. त्याला बरोबरीनं वागवणारा देश अजून फक्त छापील कागदावरच भेटलाय.

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात, सावेडीपासून काही फार लांब नाही, नेहरूंनी १९४४ साली कैदेत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. कैदी असूनही त्यांना देशाचं स्वप्न स्वतःच्या नावानं बघता आलं. बागुलांच्या नायकाला तेच स्वप्न बघायला आधी जात झाकावी लागते. शोकांतिका इथंच सुरू होते, शेवटच्या मारहाणीच्या कितीतरी आधी. रामचरण तिवारी त्याच्या कवितेवर खूश होतो, पण ते कौतुक ज्याच्या वाट्याला जातं, तो माणूस मुळात नाहीच!

समोर काशिनाथ सकपाळ. जात लपवत नाही, चाकू बाळगतो, अंगावर आला त्याला शिंगावर घेतो. आपल्या बैठकीत टाळ्या काशिनाथलाच. रास्तच आहे, शेवटी सोडवायला धावतो तोच. पण बागुलांनी गोष्ट त्याच्या तोंडून सांगितली नाही, चोरट्याच्या तोंडून सांगितली. काशिनाथनं ह्या लोकांकडून आशा सोडलीय. स्वप्नाळू अजून मागतोय, मला माणूस म्हणून घरात घ्या. मार खाल्ल्यावरही तो मारणाऱ्यांना सोडून मनूकडे बोट दाखवतो. याला भाबडेपणा म्हणतात म्हणे. अंग ठेचलेलं असताना हात कुणाचा अन् हुकूम कुणाचा हे ज्याला कळतं, तो भाबडा कसा?

आजही नव्या कॉलनीत खोली बघायला गेलेल्या आपल्या पोराला घरमालक आडनाव विचारतो. मग गाव. मग, जेवणात काय काय चालतं? पोरगं दाराबाहेर चपला काढून उत्तर जुळवत उभं राहतं.